तीन बादल्यांचा प्रयोग

तिसऱ्या पिलाच्या पाठीवरची चरबीही तेवढीच भरली. उद्धवरावांनी मोजपट्टी पुसली आणि मनातल्या मनात पिलांना दूध पाजणाऱ्या कुशाबाईला चोर ठरवले.

१९५७ सालच्या त्या सकाळी, आकुर्डीच्या माळावरील वराह-संशोधन केंद्रात, त्यांना दुसरा निष्कर्ष सुचणे शक्यच नव्हते. आईवेगळ्या पिलांच्या दर नव्या तुकडीचे तीन गट होत. साय काढलेल्या दुधात एका गटाला खोबरेल मिळे, दुसऱ्याला शेंगतेल. तिसऱ्याला नुसतेच दूध. तरीही साऱ्यांच्या अंगावर सारखीच चरबी. दिल्लीहून विचारणा आली होती: तेल पिलांच्या पोटात जाते, याची खात्री कोणी केली? उद्धवरावांनी उत्तर धाडले होते: मी स्वतः, दररोज. त्या उत्तरावर त्यांची संचालकपदाची नेमणूक टांगलेली होती.

तेल ते स्वतः मोजत, एवढे खरे. बादल्या मात्र कुशाबाई नेई. डुकरांचा वास विद्वत्तेला सोसत नाही.

संशयालाही शास्त्र असते. त्यांनी तेलाच्या डब्यांना लाखेची मोहोर लावली. पहारेकऱ्याकरवी कुशाबाईचे गाठोडे तपासले; अर्धी भाकरी निघाली. तिचे केस न्याहाळले. थेंबभर तेलाचाही त्यांना स्पर्श नव्हता. निर्दोषपणाचा इतका पुरावा उद्धवरावांना अतिशय संशयास्पद वाटला.

अखेर नाकाला रुमाल लावून ते तिच्या मागोमाग गेले. दीड वर्षात प्रथमच. कुशाबाईने तिन्ही बादल्या एका जुन्या काहिलीत रित्या केल्या, काठीने ढवळल्या आणि तांब्याने सगळ्या पिलांना सारखे वाढले.

“कधीपासून चाललंय हे?”

“पयल्या दिसापासनं, साहेब. बिनआईची लेकरं ती. एका पंगतीत एकाला तेलाचं आन दुसऱ्याला कोरडं, ह्यो दुजाभाव माझ्या हातनं न्हाई व्हायचा.”

उद्धवराव कचेरीत परतले. तिला काढायचे हे ठरलेलेच होते. नोकरीबरोबर आवारातली तिची खोलीही जाणार होती. अडले होते ते केवळ कारणापाशी. तेल चोरीला गेले म्हटले, तर दोष तिचा होता. ते मिसळले जात होते म्हटले, तर दीड वर्षे तिकडे कोणी फिरकलेच नव्हते, हे दिल्लीला कळणार होते.

त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि सुवाच्य अक्षरांत लिहिले: तेलाची चोरी.