एकशे बारा नंबरची कमान

घाटातल्या बोगद्याचं काम संपलं, तेव्हा इंजिनिअर इंगवल्यांनी नियमाप्रमाणे आपला चार वर्षांचा अनुभव कंपनीत जमा केला. यंत्राने बोगद्यातली प्रत्येक आठवण त्यांच्या डोक्यातून काढून घेतली. ती कंपनीची मालमत्ता होती, आणि इंगवल्यांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

सात वर्षांनी बोगदा गळू लागला. कंपनीने तो अनुभव रेवती तांडेल या नव्या इंजिनिअरच्या डोक्यात भरला. हातोडीने भिंत ठोकत, नुसत्या आवाजावरून तिने तासाभरात पोकळी शोधून काढली. पुढच्या रविवारी ती इंगवल्यांच्या घरी आली.

"सर, एकशे बारा नंबरच्या कमानीपाशी तुम्ही एक फोन घेतला होता. भिंतीच्या आठवणींबरोबर तोही माझ्याकडे आलाय. बाहेर बोलले तर माझी नोकरी जाईल, पण तो तुमचा आहे."

"कोणाचा फोन?"

"तुमच्या सासूबाईंचा. मुलगी झाली म्हणून."

आपल्या जन्माची बातमी ऐकून बाबांनी काय केलं, हे इंगवल्यांची मुलगी ईरा दर वाढदिवसाला त्यांना विचारायची. ते कधी पेढ्यांचं सांगायचे, कधी नाचल्याचं. सगळं रचलेलं.

त्यांनी आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, "ईरा, बाहेर ये. तुझ्या जन्माची बातमी ज्यांना आठवते, त्या आल्यात."

ईरा येऊन रेवतीसमोर बसली. इंगवलेही तिच्या शेजारी ऐकायला बसले.