स्वतंत्र विभाग

टेबलावरच्या आरशात बघून चौबळ सकाळपासून रडका चेहरा करत होते. नव्या चित्रपटातल्या म्हातारीला रडवायचं, तर आधी ते रडणं स्वतःच्या चेहऱ्यावर यावं लागतं. पण आज काही केल्या जमत नव्हतं. स्वारी खुशीत होती.

कारणही तसंच होतं. ॲनिमेशन म्हणजे पोराटोरांचं, असं म्हणत पुरस्कार समिती त्यांचे चित्रपट कायम बालचित्रपटांत ढकलायची. भांडून भांडून चौबळांचे केस पिकले, तेव्हा कुठे यंदा स्वतंत्र विभाग झाला होता. आयुष्य ओतून काढलेला त्यांचा चित्रपट त्यात पहिलाच गेला होता.

फोन वाजला. समितीचे सचिव होते.

"चौबळसाहेब, तुमच्या विभागात तुमच्या एकट्याचीच प्रवेशिका आलीय. निदान तीन लागतात. यंदा विभाग रद्द."

"मग मुख्य विभागात घ्या."

"ॲनिमेशन आता तिथे चालत नाही. स्वतंत्र विभाग आहे ना! तुमचाच तर हट्ट होता."

चौबळ हळूच म्हणाले, "निदान बालचित्रपटांत तरी..."

"तिथेही नाही, साहेब."

फोन ठेवून ते आरशासमोर तसेच बसून राहिले. चहा घेऊन आलेली बायको दारातच थबकली. त्यांच्या सगळ्या चित्रांत रंग तीच भरायची. आरशात बघून ती हरखली.

"अहो, जमलं की! हाच चेहरा! आता हलू नका, पटकन काढून घ्या."

चौबळांनी पेन्सिल खाली ठेवली आणि आरसा पालथा घातला.