माजघराची जमीन

रंगून कुत्र्याचे पुढचे दोन्ही पाय फाकले आणि वासराएवढं ते धूड छातीवर आपटलं. लादीवर नखं कराकरा वाजली. उठायला गेला तो पुन्हा घसरला. शेवटी पोटावर सरपटत मागे आला आणि सारवलेल्या जमिनीवर उभा राहून थरथरू लागला. त्याचा जोडीदार कप्तान, त्याने तर लादीला पायच लावला नाही.

काशीराम मोठ्याने हसला. "हीच बसव, धाकू. सबंध माजघरभर."

सावित्री आपल्या खोलीच्या दाराआड उभी राहून ऐकत होती.

माजघराची जमीन पक्की करायचं घाटत होतं. कुत्र्यांच्या नखांनी ती जागोजाग उकरली होती, कितीही सारवली तरी टिकत नव्हती. धाकू गवंड्याने दोन्ही नमुने आणून ठेवले होते. जांभ्याचे खडबडीत चिरे आणि मुंबईहून बोटीने आलेली रंगीत, आरशासारखी लादी. लादी मांडून बघायची जागा मात्र काशीरामने दाखवली होती. सावित्रीच्या खोलीचा उंबरा.

कुत्री तिच्या नवऱ्याची, महिपतची. तो आगबोटीवर खलाशी होता. बंदरावरचा एक साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याच्याकडची ही पिल्लं महिपत पाटीत घालून घरी घेऊन आला होता. गेल्या वर्षी तो एडनला तापाने गेला. घरी फक्त बातमी आली. त्या दिवसापासून दोन्ही कुत्री सावित्रीच्या उंबऱ्याला टेकून झोपत.

काशीराम तिचा थोरला दीर, बंदरावरच्या गोदामात मुकादम. त्याची बायको बाळंतपणाला लांज्याला माहेरी गेली आणि त्याची नजर फिरली. पाण्याचा तांब्या घेताना तो बोटांना बोटं लावी. तिने तांब्या खाली ठेवायला सुरुवात केली, तर तो हसला. मग रात्री माजघरात पावलं वाजू लागली. पावलं उंबऱ्यापर्यंत येत. कुत्री गुरगुरत. पावलं थबकत आणि माघारी जात. सकाळी तोच माणूस ओटीवर बसून निवांत चहा पिई आणि तिच्याकडे बघून मिशीला पीळ देई. खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. कडी लावून द्या, असं सांगायचं तरी कुणाला? कशाला हवी, म्हणून विचारलं असतं तर?

माहेरी कुणी उरलं नव्हतं. सासूला, सोनूबाईला सांगणं म्हणजे तिच्याच पोटच्या पोराचं नाव घेणं. सोनूबाईच्या तोंडून सावित्रीने आजवर गोड शब्द ऐकला नव्हता. उलट म्हातारी दिवसभर कुत्र्यांच्या नावाने बोटं मोडी. तिने बाहेर काढलं असतं तर जायचं कुठे?

"काशीरामदादा, लादी झकास दिसंल, पण कुत्र्यांचा पाय ठरायचा नाय," धाकू म्हणाला. "मोडून घेतील हाडं. चिरे घाला. खरबरीत हायत, झिजायचे नायत."

"मग कुत्री बाहेर बांधू. आजपासूनच बांधू. माणसांनी कुत्र्यांसाठी दगडावर झोपायचं काय?"

आजपासूनच. आज ना उद्या हे होणार, हे सावित्रीला ठाऊक होतं. पण इतक्या लवकर, असं दिवसाउजेडी, चारचौघांत ठरेल असं वाटलं नव्हतं. दिरासमोर ती कधी बोलली नव्हती. तिने पदर डोक्यावर ओढला आणि ती दाराबाहेर आली.

"भावजी, चिरेच घाला." आवाज फाटला.

"का गो?" काशीराम सावकाश तिच्याकडे वळला. "तुला काय अडचण लादीची?"

धाकू एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. काशीरामने खुंटीवरचा दोर काढला आणि कप्तानच्या गळ्याकडे हात नेला. कप्तान गुरगुरला. काशीरामने त्याच्या कमरेत लाथ घातली.

"काय चाललंय?"

सोनूबाई स्वयंपाकघरातून आली होती. हाताला मासळीचे खवले चिकटलेले. तिने लादीकडे बघितलं, दोराकडे बघितलं, मग सुनेवर नजर रोखली. सावित्रीने मान खाली घातली. आता दिराला उलट बोलली म्हणून सासू उभं-आडवं घेणार. मग कुत्री जाणार. मग रात्र होणार.

"धाकू, पडवीत बस जरा," सोनूबाई म्हणाली. "चा पाठवते."

धाकू गेला. म्हातारीने त्याच्यामागे दार लोटलं. मग ती लेकाजवळ आली आणि तिने त्याच्या हातातून दोर काढून घेतला.

"चिरे बसतील. कुत्री हयच झोपतील."

"आये, तूच तर म्हणतेस, हाकलून द्या ह्या मेल्यांना. आणि आता त्यांच्यापायी एवढी चांगली लादी परत धाडू?"

सोनूबाईने आवाज चढवला नाही. सुनेकडे बघितलंही नाही.

"धाड. त्यांचे पाय घसरले, तर रात्रीचे तुजे पाय कोण अडवील?"