जाळीचा पुठ्ठा

मकबऱ्याच्या जाळीसारखी नक्षी कापलेला पुठ्ठा हिमानीनं स्टुडिओतल्या दिव्यासमोर धरला आणि स्टुलावर बसलेल्या नवरीच्या चेहऱ्यावर, गळ्यावर काळीभोर सावली उमटली. लग्नाआधीचा फोटो असाच हवा, हा हट्ट होणाऱ्या नवऱ्याचा. तो हिमानीच्या मागंच खुर्चीत बसलेला. सावलीची कड धारदार यावी म्हणून तिनं पुठ्ठा दिव्यापासून थोडा लांब नेला. गालावरची नक्षी सरकली, ओठांवरची सरकली. कानाखालचे चार डाग मात्र जागचे हलले नाहीत. ओळीनं चार, बोटांच्या ठशांसारखे. हिमानीची नजर तिथंच अडकली. "ताई, तुम्हाला दिसलं हे त्यांना कळू देऊ नका," नवरी ओठ न हलवता पुटपुटली. हिमानीनं डोळ्यांनीच हो म्हटलं, पण हात ऐकेनात. नवरीच्या चेहऱ्यावरची सगळी जाळी थरथरू लागली. मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मॅडम," अगदी कानाशी त्यानं विचारलं, "हात कामून कापायलेत?"