निनावी प्रवेशिका

“कल्पना सुरेख आहे. पण हिच्या भरवशावर माणसं सोडता येणार नाहीत.”

मँचेस्टरमधल्या एका थंडगार सभागृहातला तो सभ्य, सर्दी झालेला इंग्रज आवाज. ऐन तिशीतल्या नरेंद्रचं डिझाइन त्याने वही मिटावी तितक्या सहज बाजूला सारलं होतं.

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या प्रत्येक जेवणावळीत नरेंद्र तो किस्सा सांगत. सांगता सांगता डिझाइन केव्हाच गळून गेलं, आवाज तेवढा उरला. शेवट मात्र ठरलेला असे. “त्यांनी माझं काम पाहिलंच नाही. चेहरा पाहिला.”

आता ते स्वतः परीक्षक होते. ब्रिटिश इंजिनिअरिंगमधल्या उत्तम कामाला दर वर्षी एक पुरस्कार मिळे, आणि त्याच्या परीक्षक मंडळात ह्यूस्टनच्या तेल कंपन्यांतून निवृत्त झालेले नरेंद्र होते. प्रवेशिकांवर माणसाचं, कंपनीचं नाव नको, हा नियम त्यांनीच भांडून करून घेतला होता.

२००६चा उन्हाळा होता. बाहेर रस्ता भाजत होता, आत एसी घुमत होता. नरेंद्रांच्या नजरेच्या मधोमध डाग पडला होता आणि तो वाढत चालला होता. लंडनमधल्या मंडळाला त्यांनी हे कळवलं नव्हतं. बायको वसुधा प्रवेशिका वाचून दाखवायची, ते गुण सांगायचे. हे शेवटचं वर्ष, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“पुढची घे.”

“पाणी तरी पिऊ द्याल का? डोळ्यानं दिसंना, नि तोंड काही बसंना.”

“तुझ्या तोंडाला मार्क नाही मागितले मी. वाच.”

तिने गठ्ठा पुढे ओढला. त्या गठ्ठ्यात कुठेतरी त्यांचा मुलगाही होता. इंग्लंडात डर्बीला राहणाऱ्या वेदने या वर्षी प्रवेशिका पाठवली होती. कशाची, ते त्याने सांगितलं नव्हतं. “बाबा, डोन्ट आस्क मी एनिथिंग,” एवढंच म्हणाला. त्या कामात त्याने झोप घातली होती, तब्येत घातली होती, संसारही त्यातच मोडला होता. आईला मात्र हळूच बोलून गेला होता, “हेही नाही जमलं ना, तर आता कशातच राम नाही, आई.” त्याच्या त्या आवाजाने वसुधाच्या जिवाला घोर लागला होता.

नात्यातल्या माणसाचं काम समोर आलं की परीक्षकाने उठायचं असा नियम होता. “ओळखू आलं तर त्याच क्षणी उठेन,” नरेंद्र म्हणाले होते.

वसुधाने पुढची प्रवेशिका उघडली. जात्यावर बसलेल्या बाईसारखा तिचा सूर खाली लागला. बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह होता. वाफेचा दाब वाढला की झाकण आपोआप उचलायचं आणि वाफ बाहेर सोडायची. त्यासाठी एका स्प्रिंगच्या पोटात दुसरी बसवली होती. एरवी आकड्यांना अडखळणारी वसुधा कुठेही न थांबता वाचत गेली.

“आधी वाचलीस वाटतं ही?”

“टाइप स्वच्छ आहे.”

नरेंद्रांनी बोटाने हवेत एकात एक दोन वळसे काढले. मग म्हणाले, “पोरगा हुशार आहे.”

“पोरगा कशावरून?”

“म्हातारा इतकं मिरवत नाही.”

ती हसली. “मग द्या की चांगले मार्क.”

“आतली स्प्रिंग तुटली तर? बाहेरून कुणाला कळणार? तुकडा मध्ये अडकला की झाकण उचलायचंच नाही. जवळ उभी असलेली माणसं जातील, वसू.”

“परत वाचते. नीट ऐका जरा.”

तिने परत वाचलं. या वेळी सावकाश, एकेक शब्द ताटात वाढावा तसं. नरेंद्र डोळे मिटून ऐकत होते.

“नाही. शून्य लिही.”

“अहो, थोडे तरी…”

“तू का गयावया करतेयस?” ते म्हणाले, आणि थबकले. चेहरा हळूहळू उतरला. “वेदची आहे.”

“नावं नसतात त्यावर.”

“तुझ्या आवाजावर आहे की.”

पेन तिच्या हातात तसंच राहिलं.

नरेंद्र उठले. भिंतीचा आधार घेत फोनपाशी गेले. “मंडळाला राजीनामा कळवतो. पण आधी त्याला सांगायला हवं. डर्बीत संध्याकाळ असेल, घरी असेल तो.”

“काय सांगणार आहात?”

“खरं ते. की हे तुझं काम नव्हे, यात आता आणखी जन्म घालू नकोस.”

“नका हो. तो आधीच खचलाय.”

“म्हणूनच. परक्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा बापाच्या तोंडून ऐकू दे. परक्याचा आवाज जन्मभर कानातून जात नाही. मला विचार.”

त्यांची बोटं फोनच्या बटणांवरून चाचपत फिरली. वसुधा टेबलापाशी उभी राहिली. एकदा पाठमोऱ्या नवऱ्याकडे, एकदा कागदांकडे तिने पाहिलं. पलीकडे रिंग वाजत होती.

“हॅलो? बाबा?” वेदचा थकलेला आवाज तिला इथवर ऐकू आला.

ती धावली. फोनचं बटण दाबून तिने लाइन तोडली आणि हात तिथेच दाबून ठेवला.

“काय करतेयस हे?”

“ती वेदची नाही,” वसुधा म्हणाली. “तुमची आहे. मँचेस्टरच्या त्या सभेसाठी तुम्ही सांगत गेलात आणि मी टाइप करत गेले, तीच. या खेपेला गठ्ठ्यात सरकवताना मी फक्त इंचांचे मिलिमीटर केले.”