तळहातावरचा शब्द

टेक्सासमध्ये लेकीच्या अमेरिकन फुटबॉलच्या संमतीपत्रावर मी सही केलीच नाही. ‘डोक्याला मार बसतो,’ कोचना सांगितलं.

त्यांनी तळहात पुढे केला. त्यावर पेनानं मुलींची नावं लिहिली होती. ‘अकरा वर्षं व्यावसायिक लीगमध्ये टकरा घेतल्या. आता नावं लक्षात राहत नाहीत. म्हणून इथे टक्कर बंद. चेंडू घेऊन पळणारीच्या कमरेची पट्टी ओढली की चाल तिथेच थांबते. पुढेमागे मोठे सामनेही असेच होतील.’

‘आणि पट्टी वाचवायची कशी?’

‘तेच मला शिकवता येत नाही. आम्हाला फक्त धडकायला शिकवलं.’

मी साताऱ्यात खो-खो खेळलेली. चपला काढल्या, पट्टी बांधली, डावीकडे झुकले आणि उजवीकडून निसटले. कोचचा हात हवेतच राहिला.

‘याला काय म्हणतात?’

‘हूल.’

मी सही करताच त्यांनी पेन मागून घेतलं आणि तो शब्द तळहातावर लिहिला, नावांच्याही वर.