कोंबड्यांच्या झोकांड्या

"बाबा, आपल्या कोंबड्या दारू पितात का हो?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून लेकीने भर जेवणात विचारलंच. शाळेतून येताना सगळ्याजणींनी शेडच्या जाळीतून बघितलं, तर कोंबड्या दोन पावलं टाकून झोकांडी खात होत्या. पोरींची हसून मुरकुंडी वळली.

बाबांचा घास हातातच राहिला. दोन दिवसांच्या अबोल्यामुळे आईकडे न बघता ते लेकीला म्हणाले, "तुझ्या आईला विचार, खाद्यात औषध तिनेही मिसळलं की काय?"

"तुझ्या बाबांना सांग, मिसळलं. मला वाटलं, विसरले असतील."

"मी कशाला विसरेन? पहाटेच मिसळलं होतं!"

दोघं ताटावरून उठून शेडकडे धावली. सगळं खाद्य उपसून टाकलं, ताजं भरलं. जनावरांचे डॉक्टर आले आणि म्हणाले, "सावरतील हळूहळू. पोरीने विचारलं म्हणून बरं, दुप्पट औषधाने अख्खी शेड आडवी झाली असती."

डॉक्टरांची पाठ वळताच लेकीने कमरेवर हात ठेवले.



"आई, बाबा, मी ठरवलंय. आजपासून तुमचे निरोप पोचवणं बंद. भांडा खुशाल, पण एकमेकांशी बोलून भांडा!"